भाची डीएची निवडणूक लढवतेय म्हणजे नेमकं काय करतेय?

नाशिकच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांची भाची न्यू जर्सीत वाढली, आता पेनसिल्व्हेनियातल्या एका कौंटीत (कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) दहा वर्षं पब्लिक डिफेंडर आहे, म्हणजे वकील न परवडणाऱ्या आरोपींच्या बाजूनं उभी राहते. आता तिला त्याच कौंटीत डिस्ट्रिक्ट अटर्नीची, म्हणजे डीएची, तिथल्या मुख्य सरकारी वकिलाची निवडणूक लढवायची आहे, आणि तीही ‘फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा’ या मुद्द्यावर. घरच्यांना काही उमगेना. सरकारी वकील निवडून कसा येतो? खर्च किती? जिंकली तर खरंच काही बदलता येतं का? आणि आम्ही इकडून काय मदत करू शकतो?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथं चूक झाली तर महागात पडेल. पैसे पाठवू नका. अमेरिकेचा केंद्रीय कायदा परदेशी नागरिकाला तिथल्या कुठल्याही निवडणुकीत पैसे द्यायला मनाई करतो. राष्ट्राध्यक्षाची असो की कौंटीच्या पदाची, नियम तोच. ग्रीन कार्डवाला देऊ शकतो, एच-वन व्हिसावरचा नाही, आणि नाशिकचा मामा तर नाहीच. ‘शुभेच्छा’ म्हणून अकरा हजारांचं पाकीट कुणाच्या हाती धाडायचा मोह होईल, तोही आवरा. कायद्याचं राज्य आणायला निघालेल्या उमेदवाराच्या हिशेबात परदेशातून आलेली एक नोंद सापडली, की विरोधकाला वेगळा मुद्दा शोधावा लागत नाही. फुकट काम करायला मात्र परदेशी नागरिकाला बंदी नाही. तिकडे गेलात तर पत्रकं वाटा, स्वयंसेवकांना पोहे करून घाला.

आता माझ्याबद्दल दोन ओळी. पुण्यात एलएल.बी. केलं, शिवाजीनगर कोर्टात चार वर्षं फौजदारी वकिली केली, मग अमेरिकेत येऊन एलएल.एम. आणि बारची परीक्षा. नऊ वर्षं पब्लिक डिफेंडर होते, सहा वर्षं डीएच्या कार्यालयात सहायक. तीन उमेदवारांच्या प्रचारात काम केलं. त्यातले दोन हरले.

आपल्याकडे सरकारी वकील सरकार नेमतं. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ नुसार व्हायचं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ नुसार होतं. उज्ज्वल निकम २६/११ च्या खटल्यात विशेष सरकारी वकील होते आणि २०२४ मध्ये लोकसभेला उभे राहिले. म्हणजे वकिली एकीकडे, निवडणूक दुसरीकडे. अमेरिकेत मात्र निवडणूकच सरकारी वकिलाच्या खुर्चीची असते. मिसिसिपीनं १८३२ च्या राज्यघटनेत ही पद्धत आणली आणि पुढं बहुतेक राज्यांनी ती उचलली. पदाचं नाव राज्यागणिक बदलतं: कुठं डिस्ट्रिक्ट अटर्नी, कुठं स्टेट्स अटर्नी, व्हर्जिनियात कॉमनवेल्थ्स अटर्नी. आपल्या लोकांना ठाऊक असतात ते प्रीत भरारा, पण ते केंद्र सरकारचे, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले वकील होते. त्यांना कधी दारोदार फिरावं लागलं नाही. गंमत म्हणजे भाची न्यू जर्सीतच राहिली असती तर हा प्रश्नच आला नसता, कारण तिथं कौंटीचा सरकारी वकील गव्हर्नर नेमतो. नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात आली म्हणून हा सगळा खटाटोप.

या खुर्चीत एवढं काय आहे, ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अमेरिकेतले बहुतेक फौजदारी खटले आपण सिनेमात पाहतो तसे ज्यूरीपुढं चालतच नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये एका निकालात आकडे नोंदवले होते: राज्यांच्या न्यायालयांतल्या शिक्षांपैकी ९४ टक्के शिक्षा आरोपीनं गुन्हा कबूल केल्यामुळं होतात, केंद्रीय न्यायालयांत ९७ टक्के. ही कबुली सौद्यातून येते. सरकारी वकील म्हणतो, या कलमाखाली चालवलं तर दहा वर्षं जाशील, त्या कलमाखाली कबूल केलंस तर दोन. कुठलं कलम लावायचं, किती लावायची, जामिनाला विरोध करायचा का, सौदा काय द्यायचा, हे सगळं सरकारी वकिलाच्या हाती असतं. न्यायाधीश बहुतेक वेळा ठरलेल्यावर शिक्का मारतो. त्यातून १९७६ च्या एका निकालानं खटला चालवण्याच्या कामाबद्दल सरकारी वकिलावर नुकसानभरपाईचा दावाही लावता येत नाही.

पण हा अधिकार रोज वापरतो कोण? डीए नव्हे. सकाळी नऊला कोर्टरूम नंबर चारमध्ये साठ फायलींचा गठ्ठा घेऊन उभा असलेला, दोन वर्षांपूर्वी लॉ स्कूलमधून बाहेर पडलेला सहायक. एका फायलीला त्याच्याकडे चार मिनिटं असतात. शेजारी पोलीस अधिकारी घड्याळ बघत बसलेला, समोर पब्लिक डिफेंडर, मागच्या बाकावर आरोपीची आई. त्या चार मिनिटांत तो जे बोलतो, तेच त्या कौंटीचं फौजदारी धोरण. सुधारणेची भाषा करणारे पुष्कळ उमेदवार मी पाहिलेत. त्यांतल्या बहुतेकांनी जाहीरनामा व्यासपीठावरून लिहिला होता, त्या सहायकाच्या बाकावरून नाही. तुमची भाची दहा वर्षं त्याच्या समोरच्या बाकावर बसली आहे, हीच तिची खरी पुंजी. तिनं प्रत्येक आश्वासनाला एकच प्रश्न विचारावा: हे ऐकून तो पोरगा सोमवारी सकाळी काय वेगळं करेल? उत्तर मिळत नसेल तर ते आश्वासन काढून टाकावं.

निवडणुकीचं गणित आता. पेनसिल्व्हेनियात डीएची निवडणूक विषम वर्षी होते, चार वर्षांसाठी. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नसते, संसदेचीही नसते, त्यामुळं मतदार घरी बसतो. खरी लढत बहुतेक वेळा मे महिन्यातल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात होते, आणि या राज्यात प्रायमरी बंद असते, म्हणजे मतदारानं ज्या पक्षाचा म्हणून नाव नोंदवलंय, त्याच पक्षाच्या प्रायमरीत त्याला मत देता येतं. २०१७ मध्ये फिलाडेल्फियात लॅरी क्रॅस्नर उभे राहिले. आयुष्यभर बचावाची वकिली केलेला, पोलिसांवर पंचाहत्तरच्या आसपास दावे लावलेला माणूस. सात जणांच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ३८ टक्के मतं घेऊन ते जिंकले. पंधरा लाखांहून मोठ्या शहरात जेमतेम साठ हजार मतांत काम झालं. सुधारणावाल्यांना ही निवडणूक गवसली ती इथं: खुर्ची प्रचंड, मतदार थोडे, आणि एरवी बसलेल्या डीएसमोर कुणी उभंच राहत नाही.

पण त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट भाचीनं उशाशी ठेवावी. पिट्सबर्गची अ‍ॅलेगेनी कौंटी, वर्ष २०२३. तिथले मुख्य पब्लिक डिफेंडर मॅट डुगन सुधारणेच्या मुद्द्यावर उभे राहिले आणि १९९८ पासून खुर्चीत बसलेल्या स्टीफन झॅपाला यांना डेमोक्रॅटिक प्रायमरीत हरवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. इकडे त्याच दिवशी रिपब्लिकन मतदारांनी मतपत्रिकेवर झॅपालांचं नाव हातानं लिहून त्यांना आपला उमेदवार करून टाकलं होतं. नोव्हेंबरात तेच झॅपाला रिपब्लिकन म्हणून जिंकले. म्हणजे मे महिन्यात पेढे वाटू नयेत. (फिलाडेल्फियात २०२५ मध्ये क्रॅस्नर यांच्यावर हाच डाव टाकला गेला, आणि योगायोग असा की टाकणाऱ्याचं आडनावही डुगनच. तिथं तो फसला, क्रॅस्नर तिसऱ्यांदा निवडून आले.) फरक मतदारसंघाचा होता. शहराबाहेरची उपनगरं जितकी जास्त, तितका नोव्हेंबर अवघड.

प्रायमरीला उभं राहायला मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत, तीनच आठवड्यांत. किती सह्या हे कौंटीवर अवलंबून. जितक्या लागतात त्याच्या किमान दुप्पट घ्या असं मी सांगते, कारण विरोधकाचा वकील एकेक सही कोर्टात खोडून काढतो: हा मतदार दुसऱ्या पक्षाचा, हिचा पत्ता जुना, याचं अक्षर लागत नाही. मी ज्या एका उमेदवाराबरोबर होते तिचा अर्ज असाच वाचला, नऊ सह्यांनी. आणि निकालाच्या रात्री भाषण करू नये. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये २०१९ ला टिफनी काबान या पब्लिक डिफेंडर मतदानाच्या रात्री हजारभर मतांनी पुढं होत्या. टपाली आणि वादातली मतं मोजली गेली, फेरमोजणी झाली, आणि सुमारे नव्वद हजार मतांतून साठेक मतांनी त्या हरल्या.

खर्चाचं ठोक उत्तर नाही. छोट्या कौंटीत निवडणूक काही हजार डॉलरांत होते, मोठ्या शहरात लाखो लागतात. फिलाडेल्फियाचे स्वतःचे नियम आहेत, पण पेनसिल्व्हेनियात एरवी व्यक्तीनं किती वर्गणी द्यावी यावर मर्यादाच नाही. शिवाय बाहेरच्या समित्या स्वतंत्रपणे खर्च करतात. २०१७ मध्ये जॉर्ज सोरोस यांच्या पैशावरच्या समितीनं क्रॅस्नर यांच्यासाठी सुमारे १७ लाख डॉलर ओतले. असा पैसा आला तर जाहिराती येतात आणि त्याबरोबर शिक्काही येतो, ‘बाहेरच्या धनदांडग्याची उमेदवार’. आडनाव कुलकर्णी किंवा पाटील असेल तर ‘बाहेरची’ या शब्दाला जरा जास्तच धार चढते. माझं मत असं की स्थानिक पाचशे माणसांचे पन्नास-पन्नास डॉलर आधी दाखवता आले पाहिजेत. मग बाकीचं काय यायचं ते येवो.

आता जाहीरनामा. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण जिंकलेले लोक पुढं इथंच अडकलेत.

मॅनहॅटनचे डीए अल्विन ब्रॅग यांनी जानेवारी २०२२ मध्ये कामाला लागताच एक पत्रक काढलं: कुठले आरोप लावायचे नाहीत, कुठं तुरुंग मागायचा नाही, कुठल्या दरोड्याला साध्या चोरीचं कलम लावायचं. त्यातलं बरंचसं इतर ठिकाणी आधीच चालत होतं. पण ते कागदावर, एका दिवसात आलं. महिनाभर शहर पेटलं आणि फेब्रुवारीत त्यांना ते दुरुस्त करावं लागलं. ते टिकले, २०२५ मध्ये पुन्हा निवडूनही आले, पण तो महिना त्यांच्या नावामागं अजून लागलेला आहे. लॉस एंजेलिसचे जॉर्ज गॅस्कॉन यांनी डिसेंबर २०२० मध्ये पहिल्याच दिवशी वाढीव शिक्षेची कलमं लावायची नाहीत असा आदेश काढला. त्यांच्याच सहायक वकिलांची संघटना कोर्टात गेली आणि त्या आदेशाचा काही भाग कोर्टानं रोखला. त्यांना मुदतीआधी मतदान घेऊन पदावरून परत बोलावण्याचे दोन प्रयत्न फसले, तरी २०२४ च्या निवडणुकीत ते मोठ्या फरकानं हरले. डलासचे जॉन क्रूझो यांनी गरजेपोटी केलेली साडेसातशे डॉलरांखालची चोरी चालवणार नाही असं जाहीर केलं होतं. पुढं ते मागे घ्यावं लागलं.

तिन्हीकडे शब्द एकच होता, ‘नाही’. चालवणार नाही, मागणार नाही, लावणार नाही. सरकारी वकिलाची मोठी ताकद न करण्यातच आहे, हे खरं. पण न केलेल्या कामाचा फोटो निघत नाही, आणि ज्याचं दुकान फुटलं त्याच्या कानाला ‘नाही’ म्हणजे ‘तू माझा कोणी नाहीस’ असंच ऐकू येतं. शिवाय आता कायद्याचाही फास आहे. फ्लोरिडाच्या गव्हर्नरनं २०२२ मध्ये टँपाच्या अँड्र्यू वॉरन यांना आणि २०२३ मध्ये ऑरलँडोच्या मोनिक वॉरेल यांना निलंबित केलं. वॉरेल २०२४ ला पुन्हा निवडून आल्या, वॉरन आले नाहीत. टेक्सस आणि जॉर्जियानं २०२३ मध्ये असे कायदे केले की एखाद्या प्रकारचे गुन्हे सरसकट न चालवण्याची भूमिका घेतली तर पदच धोक्यात येऊ शकतं. पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेनं क्रॅस्नर यांच्यावर २०२२ मध्ये महाभियोग आणला होता. तो पुढं सरकला नाही, पण दोन वर्षं टांगता राहिला. म्हणून वाक्य असं लिहायचं: पहिल्यांदा सापडलेल्याला आधी समुपदेशन आणि भरपाईचा मार्ग दिला जाईल, सहायकाला तसं करणं योग्य वाटलं नाही तर त्यानं दोन ओळींत कारण लिहावं. परिणाम जवळजवळ तोच, पण प्रत्येक फाइल पाहिली गेली हे दाखवता येतं. बोस्टनच्या सफोक कौंटीतल्या खटल्यांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, त्यात किरकोळ, अहिंसक गुन्ह्यात खटला न भरलेल्या लोकांवर पुढच्या दोन वर्षांत नवा गुन्हा दाखल होण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलेलं दिसलं. सर्वांत मोठा फरक पहिल्यांदा सापडलेल्यांत होता. भाचीच्या हाती हा पुरावा आहे, तो तिनं वापरावा. मात्र सभेत आकडा सांगू नये. दुकानदार संघटनेच्या बैठकीत, शांतपणे सांगावा.

मी जिथं सहायक होते त्या कार्यालयात एकदा काय झालं, सांगते. किरकोळ चोरीचं नवं धोरण शुक्रवारी संध्याकाळी ईमेलनं आलं. पीडितांशी बोलणारा जो वेगळा विभाग असतो, त्याला कुणी कळवलंच नाही. सोमवारी एक किराणा दुकानवाली साक्षीला म्हणून कामधंदा सोडून आली आणि कोर्टात तिला कळलं की खटला काढून घेतलाय. धोरण चांगलं होतं, मी आजही त्याच्या बाजूनं बोलेन. पण त्या बाईला जिन्यात गाठून समजावणारी मी होते, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. महिन्याभरानं ती प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीत दिसली.

तसंच ‘ती’ केस येणारच. डीएच्या कार्यालयातून वर्षाला हजारो फायली जातात. कमी आरोपावर सुटलेला एक माणूस कधीतरी भयंकर काही करतो. जुन्या पठडीच्या डीएच्या काळातही करतो, पण तेव्हा दोष न्यायाधीशाला जातो, सुधारणावाल्याच्या काळात डीएला. सॅन फ्रान्सिस्कोत २०२० च्या शेवटच्या दिवशी पॅरोलवर असलेल्या एका माणसानं चोरीच्या गाडीखाली दोन स्त्रियांना चिरडलं. त्या घटनेपासून डीए चेसा बुडीन यांच्याविरुद्धची मोहीम उभी राहिली आणि जून २०२२ मध्ये मतदारांनी त्यांना परत बोलावलं. त्या दिवशी काय करायचं हे निवडणुकीआधी ठरलेलं हवं. चोवीस तासांत कॅमेऱ्यापुढं उभं राहायचं, फाइलमध्ये काय झालं ते तारखांसकट सांगायचं, चूक असेल तर चूक म्हणायचं, आणि त्याआधी त्या कुटुंबाच्या घरी स्वतः जायचं. प्रवक्त्याला पाठवायचं नाही.

गुन्ह्यांच्या आकड्यांवरून भाचीला झोडपतील, तेव्हा फिलाडेल्फिया आठवावी. २०२१ मध्ये तिथं ५६२ खून झाले, आजवरचे सर्वाधिक. २०२४ मध्ये २६९. डीए दोन्ही वर्षी तेच. वाढ त्यांच्यामुळं झाली म्हणणारे घटीचं श्रेय त्यांना देत नाहीत, आणि त्यांचे समर्थक बरोबर उलटं करतात. खुनाचा आकडा डीएच्या हातात फारसा नसतो असं माझं मत. म्हणून उतरल्यावर श्रेय घेऊ नये. घेतलं, तर चढल्यावर दोषही घ्यावा लागतो.

जिंकल्यावर काय बदलतं? बरंच. डलासच्या क्रेग वॉटकिन्स यांनी २००७ मध्ये चुकीच्या शिक्षा तपासायला स्वतंत्र विभाग काढला, त्यानं निरपराध माणसं तुरुंगातून बाहेर काढली, आणि आता असे विभाग देशभर आहेत. क्रॅस्नर यांनी २०१८ मध्ये पंचवीस किरकोळ गुन्ह्यांत पैशाचा जामीन मागणं थांबवलं. नंतर संशोधकांनी तपासलं तर त्यामुळं लोक तारखांना गैरहजर राहू लागले, असं काही दिसलं नाही. त्यांनी सहायकांना आणखी एक गोष्ट करायला लावली, जी मला फार आवडते: शिक्षा मागताना तुरुंगाचा खर्च न्यायाधीशाला सांगायचा, वर्षाला माणशी ४२ ते ६० हजार डॉलर. कारण डीएच्या कार्यालयाचा बराचसा खर्च कौंटी किंवा शहर करतं, आणि राज्याच्या तुरुंगाचं बिल राज्य भरतं. दुसऱ्याच्या खिशातून शिक्षा वाटायला हात सैल सुटतो.

आणि कार्यालयातली माणसं. क्रॅस्नर यांनी पहिल्याच आठवड्यात एकतीस जणांना घरी पाठवलं. काही जणांना ते धाडस वाटतं. मी त्यावर वाद घालते. वरचे चार-पाच बदलावेच लागतात, पण मधल्या फळीतले पंधरा-वीस वर्षांचे लोक गेले की खुनाचा खटला उभा करता येणारं कुणी उरत नाही, आणि ज्या दिवशी कार्यालय खुनाचा खटला हरतं त्या दिवशी सुधारणा विसरायची. त्या मधल्या फळीतले निम्मे तरी आतून थकलेले असतात. त्यांनाही ठाऊक असतं की आपण गांजाच्या पुड्या मोजत आयुष्य घालवलं. त्यांच्याशी आधी एकेकट्यानं बोलावं.

भाचीला दोन गोष्टी विचारा. तिच्या कौंटीची पाळी कुठल्या वर्षी आहे? पिट्सबर्गकडे २०२७, फिलाडेल्फियात २०२९, बाकी कौंट्या यापैकी एका चक्रात. सह्यांसाठी फेब्रुवारी धरला तर त्याआधी वर्षभर तरी तयारी हवी. आणि गेल्या दहा वर्षांत ती पीडितांच्या किती घरी गेली आहे? पब्लिक डिफेंडरला तसं जाण्याचं कारणच नसतं, दोष तिचा नाही. पण प्रचार सुरू करण्याआधी ज्या आयांनी मुलं गमावलीत आणि ज्यांचे मारेकरी कधी सापडलेच नाहीत, अशा दहा घरी तिनं एकटीनं, बिनाकॅमेऱ्याचं जाऊन बसावं. त्या काय मागतात ते ऐकल्यावर ती परत येऊन जाहीरनाम्याचा पहिला परिच्छेद बदलेल. मी काम केलेल्या ज्या एका प्रचारात उमेदवार जिंकला, तिथं तो तीनदा बदलला होता.